स्टिकर ताजं, सेन्सर आजारी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतले भट्टीवाले, बियाण्यांची प्रक्रिया-केंद्रं चालवणारे आणि विमान-उद्योगाची कामं मिळवू पाहणारे हीट ट्रीटमेंटवाले, सगळे फिरून एकाच प्रश्नावर येतात. कॅलिब्रेशन दर वर्षी होतं, मीटरवर ताजं स्टिकर आहे, प्रमाणपत्र फाइलला लावलेलं आहे. तरीही शेजारशेजारचे दोन मीटर दोन आकडे दाखवतात. मग खरं कोणाचं मानायचं? गोंधळ होतो तो दोन निराळ्या गोष्टी एक समजल्यामुळे. कॅलिब्रेशन, पुस्तकी मराठीत अंशशोधन, म्हणजे एका दिवशी, एका जागी, जास्त भरवशाच्या उपकरणाशी केलेली तुलना. सेन्सरची तब्येत म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक शिफ्टला तो खरं सांगतोय की नाही. पहिलीचा कागद मिळतो, दुसरीचा मिळत नाही. आणि माल बिघडतो तो दुसरीमुळे.

या दुसऱ्या गोष्टीचा सर्वांत बारकाईने विचार विमानाच्या इंजिनांच्या बाबतीत झाला आहे. जालन्याच्या रोलिंग मिलला विमानाचं उदाहरण देणं ओढूनताणून आणलेलं वाटेल, पण जेट इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचं तापमान मोजायला जे क्रोमेल-अ‍ॅल्युमेलचं के टाइप थर्मोकपल वापरतात, तेच जालन्यातल्या बिलेट तापवण्याच्या अनेक भट्ट्यांत असतं. धातू तोच, तत्त्व तेच. फरक आहे तो त्याच्याकडे पाहण्याच्या शिस्तीत. ही शिस्त स्वस्त आहे आणि उचलण्याजोगी आहे, एवढंच या लेखाचं म्हणणं.

इंजिनात विश्वास कशावर ठेवतात

बोइंग ७३७ जातीच्या बऱ्याच विमानांना असणारं सीएफएम५६-७बी हे इंजिन घ्या. त्याच्या टर्बाइनच्या भागात गोलाकार आठ थर्मोकपल बसवलेली असतात आणि वैमानिकाला दिसतो तो त्यांच्या सरासरीचा आकडा. आठांपैकी एक तुटलं तर सरासरी जेमतेम हलते, म्हणजे बिघाड झाकला जातो. म्हणून पडद्यावरचा आकडा ठीक दिसतो एवढ्यावर समाधान मानत नाहीत. तारांच्या जोडणीचा रोध आणि इन्सुलेशन वेगळं मोजून पाहतात. पंख्याच्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरचे संकेत इंजिनाच्या संगणकाच्या दोन स्वतंत्र वाहिन्यांकडे जातात आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. यातले बरेच सेन्सर ठरावीक तारखेला काढून प्रयोगशाळेत पाठवायची पद्धतच नाही. उड्डाणागणिक आकडे साठवले जातात, इंजिन स्वतःच्या कालच्या वागण्याशी आणि पलीकडच्या पंखाखालच्या जोडीदाराशी ताडलं जातं, आणि काही खटकलं की सेन्सर तपासून बदलला जातो. समृद्धी महामार्गाने नागपूरला गेलात तर मिहानमध्ये एअर इंडिया इंजिनिअरिंग सर्व्हिसेसचं विमान-देखभाल केंद्र आहे. या धंद्यातल्या माणसाला विचारा, तो स्टिकरच्या तारखेआधी आकड्यांचा कल बघेल.

दोन अपघात

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून हिमवर्षावात निघालेलं एअर फ्लोरिडाचं ७३७ विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत पडलं. विमानातल्या ७९ पैकी ७४ जण आणि पुलावरचे चौघे गेले. इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजणारी नळी बर्फाने बुजली होती. त्यामुळे इंजिनाची ताकद दाखवणारा काटा २.०४ वर होता. प्रत्यक्षात ताकद १.७० इतकीच होती. काट्यात किंवा त्याच्या कॅलिब्रेशनमध्ये दोष नव्हता. दोष सेन्सरच्या तोंडाशी होता. आणि त्याच पॅनेलवर फेऱ्यांचे, वायूच्या तापमानाचे आणि इंधनाच्या प्रवाहाचे काटे इंजिन कमी जोर लावतंय हेच सांगत होते. सहवैमानिकाने शंका बोलूनही दाखवली होती. चार साक्षीदार एक बाजू सांगत असताना विश्वास पाचव्यावर ठेवला गेला.

दुसरं उदाहरण इंजिनाच्या नव्हे, विमानाच्या नाकाजवळच्या सेन्सरचं आहे, पण तुमच्या फाइलमधल्या प्रमाणपत्राशी त्याचा थेट संबंध आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात पडून १८९ जण गेले. हवेशी असलेला कोन मोजणारा त्याचा एक सेन्सर आदल्याच दिवशी बदललेला होता. तो दुरुस्त होऊन, तपासणी होऊन, कागदपत्रांसह आला होता. आणि तरी २१ अंशांनी चुकत होता. दुरुस्तीच्या वेळच्या जुळवणीतच ती चूक शिरली असावी, असं इंडोनेशियाच्या चौकशी अहवालाने म्हटलं. विमानावर बसवल्यानंतरची चाचणी नीट झाल्याचा पुरावा मिळाला नाही. दुसऱ्या बाजूचा धडधाकट सेन्सर विमानावर होताच, पण नाक खाली ढकलणारी प्रणाली एकाच सेन्सरचं ऐकत होती. प्रमाणपत्र हाती आलं म्हणजे काम संपलं, या समजुतीला याहून कडू उत्तर शोधावं लागणार नाही.

तुमच्या भट्टीत चूक कुठून शिरते

भट्टीतलं टोक ते पॅनेलवरचा आकडा या वाटेत चार मुक्काम आहेत: टोक, तार, जोड आणि मीटर. वार्षिक कॅलिब्रेशनला आलेला माणूस बहुतेक वेळा फक्त मीटरला मिलिव्होल्ट देऊन तपासतो आणि स्टिकर लावून जातो. त्यात गैर काही नाही, पण त्याने चारांतला एकच मुक्काम तपासला. त्यातही मीटर हा सर्वांत कमी बिघडणारा.

टोकापासून सुरुवात करू. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दुसऱ्या वर्गाचं कोरं करकरीत के टाइप थर्मोकपलसुद्धा ०.७५ टक्के चुकलेलं चालतं. म्हणजे १२०० अंशांना ९ अंश इकडे किंवा तिकडे. शेजारच्या दोन मीटरमध्ये दहा-बारा अंशांचा फरक असेल तर दोघंही निर्दोष असू शकतात. वापर सुरू झाल्यावर मात्र धातू बदलू लागतो. साधारण ८०० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात, जिथे प्राणवायू कमी पडतो अशा वातावरणात, क्रोमेलच्या तारेतलं क्रोमियम आधी गंजतं आणि थर्मोकपल कमी आकडा दाखवू लागतं. ही चूक मोठी लबाड आहे. सेन्सर कमी दाखवतो, कंट्रोलर इंधन वाढवतो, बिलेट गरजेपेक्षा जास्त तापते, वर स्केल जाड धरते, आणि पॅनेलवर सगळं आलबेल असतं. नुकसान होतं ते तेलाच्या किंवा कोळशाच्या बिलात आणि स्केलच्या ढिगात.

आता तार. थर्मोकपलच्या डब्यापासून पॅनेलपर्यंत कंपेन्सेटिंग केबलच लागते. ती तुटली आणि रात्रपाळीत कोणी साधी तांब्याची वायर जोडून वेळ भागवली, तर डबा आणि पॅनेल यांच्या तापमानात जितका फरक, जवळपास तितका आकडा कमी येतो. भट्टीला चिकटलेला डबा ८० अंशांवर आणि पॅनेल ३५ वर असेल तर चूक ४५ अंशांच्या आसपास. केबल बरोबर पण दोन्ही टोकांना उलटी जोडली असेल तर चूक दुप्पट, सुमारे ९० अंश. एका टोकाला उलटी असेल तर भट्टी तापली की आकडा उतरू लागतो आणि चूक लगेच उघडी पडते. दोन्ही टोकांची मात्र महिनोन्महिने लपून राहते. ही चूक होते ती रंगांमुळे. अमेरिकी रंगसंगतीत के टाइपची लाल तार ऋण आणि पिवळी धन. आंतरराष्ट्रीय संगतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. आपल्या इलेक्ट्रिशियनचा हात लाल म्हणजे धन या सवयीने चालतो. केबलच्या वेष्टनावर कोणती संगती छापली आहे ते वाचल्याशिवाय जोडणी करू देऊ नका.

मीटरमध्ये एक सेटिंग पाहून ठेवा: थर्मोकपल तुटलं तर आकडा वर जावा की खाली. खाली जाणारी सेटिंग असेल तर तार तुटताच कंट्रोलरला भट्टी थंड वाटते आणि तो बर्नर पूर्ण उघडतो. तापवणाऱ्या भट्टीला वर जाणारीच सेटिंग हवी.

वापरलेलं थर्मोकपल प्रयोगशाळेत पाठवू नका

हा सल्ला उलटा वाटेल, म्हणून त्याचं कारण नीट समजून घ्या. थर्मोकपलचा विद्युतदाब टोकाच्या बिंदूत तयार होत नाही. गरम आणि थंड यांच्या मधल्या तारेच्या लांबीवर तो तयार होतो. वापरलेल्या तारेचा जो भाग भट्टीच्या भिंतीत राहून बिघडला, तो प्रयोगशाळेच्या छोट्या भट्टीत वेगळ्याच जागी येतो. तिथे मिळालेला आकडा त्या प्रयोगशाळेच्या भट्टीपुरता खरा. तुमच्या भट्टीत परत बसवल्यावर तो लागू पडेलच असं नाही. विमानाच्या भागांच्या हीट ट्रीटमेंटसाठी जगभर वापरलं जाणारं एएमएस २७५० हे मानक तर २६० अंशांच्या वर वापरलेली के टाइप थर्मोकपल पुन्हा कॅलिब्रेट करायलाच मनाई करतं. ज्या उद्योगाला पैशापेक्षा जिवाची काळजी जास्त, त्याने हा खर्च निरर्थक ठरवला आहे. तो पैसा नव्या थर्मोकपलवर घाला.

त्याऐवजी हे करा:

1. खरेदीच्या वेळी, ज्या तारेच्या रीळातून थर्मोकपल बनलं त्या रीळाच्या नमुन्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागा. रीळाच्या दोन्ही टोकांचे नमुने तपासलेले असले तर उत्तम.
2. भट्टीच्या थर्मोकपलशेजारी दुसरं थर्मोकपल सरकवता येईल अशी एक जादा नळी बसवून घ्या. दोन्ही टोकं जितकी जवळ तितकं बरं. एएमएसच्या नियमात हे अंतर ७६ मिलिमीटरच्या आत ठेवतात.
3. महिन्यातून एकदा, भट्टी स्थिर असताना, प्रमाणपत्र असलेलं नवं थर्मोकपल आणि वेगळा हाती धरायचा मीटर घेऊन शेजारी आकडा मोजा. आकडा थांबेपर्यंत थांबा. फरक वहीत लिहा, तारखेसह.
4. फरक स्थिर असेल, समजा दर वेळी सहा अंश, तर घाबरू नका. फरक वाढत चालला असेल तर थर्मोकपल बदला, स्टिकरची तारीख उरली असली तरी.
5. बंदच्या दिवशी थर्मोकपलच्या तारा मीटरपासून सोडवून जोडणीचा रोध मल्टिमीटरने मोजा आणि मागच्या आकड्याशी ताडा. वाढलेला रोध म्हणजे झिजलेली तार किंवा सैल जोड.

मेगरने इन्सुलेशन पाहायचं असेल तर थर्मोकपल जमिनीपासून अलग प्रकारचं आहे याची खात्री करा आणि मीटरकडच्या तारा आधी सोडवा. नाहीतर मीटरच जळेल.

वितळलेल्या पोलादाच्या भट्टीत ही पद्धत चालत नाही. तिथे दर मोजणीला नवी टिप जळते, म्हणून तिथे लान्समधली केबल, टिप बसते तो जोड आणि मीटर हेच तपासायचे. लांबून मोजणाऱ्या इन्फ्रारेड बंदुकीच्या आकड्यावर धूर आणि स्केल या दोन्हींचा परिणाम होतो; तिचा उपयोग फरक पाहायला करा, निकाल द्यायला नको.

बियाण्याचा ड्रायर आणि गोदाम

महिको या बियाणे कंपनीची सुरुवात १९६४ साली जालन्यातून झाली, तेव्हापासून हा भाग बियाण्यांसाठी ओळखला जातो. इथे तापमानं कमी, म्हणून सेन्सर बहुधा पीटी-१००. आणि त्याची तपासणी घरच्या साधनांनी होते. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये भरा, पोकळ्या भरतील एवढंच गार पाणी घाला, सेन्सर चार-पाच इंच आत खोचून हलवत राहा. काही मिनिटांनी शून्य दिसायला हवं आणि सेन्सरचा रोध १०० ओहम. ०.३ अंशांचा फरक सामान्य पीटी-१०० ला माफ आहे. उकळत्या पाण्याने तपासणार असाल तर सावध: जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे आणि इथे पाणी साधारण ९८.३ अंशांना उकळतं. मीटर ओढून १०० वर आणणारा माणूस धडधाकट सेन्सर बिघडवून ठेवतो.

गोदामातल्या आर्द्रता-मीटरसाठी साधं मीठ पुरतं. मिठात थोडं पाणी घालून ओलसर लगदा करा, तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सेन्सर त्याला न चिकटता वर टांगा. ऊन किंवा वारा न लागणाऱ्या जागी रात्रभर ठेवल्यास डब्यातली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. मीटर ८२ दाखवत असेल तर मीटर चुकतोय.

प्रयोगशाळेकडे काय मागायचा तुम्हाला हक्क आहे

मीटर, मल्टिमीटर आणि तुलनेचं नवं थर्मोकपल यांच्यासाठी प्रयोगशाळा लागतेच. छत्रपती संभाजीनगर आणि पुण्यात त्या आहेत. एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाला बांधलेली असते आणि ते मानक ग्राहकाच्या बाजूचं आहे, हे बहुतेक ग्राहकांना माहीत नसतं.

- मान्यता सरसकट नसते. कोणती राशी, किती मर्यादेपर्यंत, किती अनिश्चिततेने, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येतं. ६०० अंशांपर्यंतची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं १२०० अंशांचं प्रमाणपत्र मान्यतेबाहेरचं. कॅलिब्रेशन प्रयोगशाळेचा क्रमांक सीसी या अक्षरांनी सुरू होतो. टीसी म्हणजे चाचणी प्रयोगशाळा.
- जुळवणी करण्यापूर्वीचे आकडे मागा. 'आल्यावर काय दाखवत होतं' हे कळल्याशिवाय गेल्या वर्षभराच्या मालाबद्दल काहीच सांगता येत नाही. तंत्रज्ञाने मीटर आधी सरळ केला आणि मग आकडे लिहिले, तर तो पुरावा पुसला गेला.
- अनिश्चिततेचा आकडा प्रमाणपत्रावर हवा. तुम्हाला पाच अंशांची मर्यादा पाळायची असेल आणि प्रयोगशाळेची अनिश्चितताच चार अंश असेल, तर ते प्रमाणपत्र तुमच्या कामाचं नाही.
- पास-नापास कोणत्या नियमाने ठरवलं, हे आधी ठरवून घ्या.
- पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख तुम्ही ठरवायची. ग्राहकाशी ठरल्याशिवाय प्रयोगशाळेने प्रमाणपत्रावर वा स्टिकरवर ती सुचवूच नये, असं मानक सांगतं. 'वर्षाने' ही आपण लावून घेतलेली सवय आहे.
- काम पाहायला हजर राहू द्या, असं म्हणता येतं. तक्रार आधी प्रयोगशाळेकडे लेखी करा. दाद लागली नाही तर एनएबीएलकडे.

वजनकाट्यावरचा वैधमापन विभागाचा शिक्का ही निराळी, कायद्याने बंधनकारक गोष्ट आहे. त्याने भट्टीचा मीटर तपासला जात नाही.

येणारे आक्षेप

'विमानाला आठ सेन्सर परवडतात, आम्हाला एक परवडत नाही.' आठ लागत नाहीत. दोन पुरतात, आणि दुसरा सेन्सरच असला पाहिजे असंही नाही. एअर फ्लोरिडाच्या पॅनेलवर खोटं पकडून देणारे काटे वेगळ्याच गोष्टी मोजत होते. तुमच्याकडे टनामागे लागणारं इंधन आहे, स्केलचं वजन आहे, मिलच्या मोटरचा अँपिअर आहे: गार बिलेट लाटायला मोटर जास्त ओढते. तापमानाचा आकडा तोच राहून यातल्या दोन गोष्टी सरकल्या, तर आकडा खोटा. हे तिन्ही आकडे बहुतेक मिलमध्ये कुठे ना कुठे लिहिलेले असतातच, फक्त वेगवेगळ्या वह्यांत आणि वेगवेगळ्या टेबलांवर.

'आमचा मिस्त्री रंगावरून तापमान सांगतो.' त्याला कमी लेखू नका. तापलेल्या लोखंडाच्या रंगातला कालचा आणि आजचा फरक सरावलेल्या डोळ्याला खरोखर कळतो. पण दुपारच्या उजेडात आणि रात्रीच्या अंधारात तोच रंग निराळा दिसतो, म्हणून त्याच्याकडून आकडा मागू नका, शंका मागा. 'आज माल जास्त लाल आहे' असं तो म्हणाला की ते वहीत लिहा आणि तुलनेचं थर्मोकपल आत घाला.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा: 'ऑडिटर प्रमाणपत्र मागतो, वही नाही.' खरं आहे. प्रमाणपत्र काढाच. मात्र चांगला ऑडिटर जुळवणीपूर्वीचा आकडा विचारतो, आणि विमान-उद्योगाचं काम हवं असेल तर भट्टीतच केलेल्या तुलनेच्या नोंदी तो मागतोच. जो ऑडिटर वही पाहत नाही, त्याच्याकडून मिळालेला शेरा तुमचं इंधन वाचवणार नाही.

सुरुवातीला खर्च नको. पुढच्या बंदच्या दिवशी वीज तोडून, हातमोजे घालून, थर्मोकपलच्या डब्याचं झाकण उघडा आणि आतल्या तारांचे रंग पॅनेलमागच्या तारांशी जुळवून पाहा. मधे कुठे तांब्याचा तुकडा जोडलेला दिसला, तर आधी तो काढा. कॅलिब्रेशनवाल्याला नंतर बोलवा.